कल्चरची बाटली भरताना: लघवी आणि दुधाचा नमुना घेण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने दबतात ते पाहणं. सकाळी लॅबमधला इन्क्युबेटर (जंतू वाढवायची उबदार पेटी) उघडला की रात्रभर वाढलेल्या प्लेटा बाहेर येतात. नमुना कसा घेतला गेला असेल ते पहिल्या नजरेतच कळतं. जंतूंच्या एकाच तोंडवळ्याच्या वसाहती (ठिपके) ओळीने उगवल्या असतील, तर कुणीतरी मन लावून बाटली भरली आहे. पांढऱ्या, पिवळ्या, करड्या, लहान-मोठ्या अशी सरमिसळ दिसली, तर ते जंतू बहुधा मूत्राशयातले किंवा कासेतले नसतात. ते कातडीवरचे, बोटांवरचे, शेणातले असतात.

आमची अडचण अशी की आम्हाला पेशंट दिसत नाही, जनावरही दिसत नाही. दिसते ती फक्त बाटली, आणि तिच्यात जे आलं त्याचंच उत्तर आम्ही देतो. कातडीवरचा जंतू आला तर त्याच्यावर कोणतं औषध चालेल तेही सांगतो. मग ते औषध सुरू होतं. खरा आजार जागच्या जागी राहतो आणि शरीरातल्या इतर निरुपद्रवी जंतूंपैकी औषधाला न जुमानणारे तेवढे मागे उरून वाढतात. रेझिस्टन्सला खतपाणी मिळण्याचा हा एक रोजचा रस्ता आहे, आणि तो बंद करणं बऱ्याच अंशी बाटली भरणाऱ्याच्या हातात आहे. म्हणून हे टप्पे क्रमाने वाचा. क्रम बदलला की बाकीची मेहनत वाया जाते.

## टप्पा १: कल्चर हवंच आहे का, ते आधी ठरवा

लघवीला जळजळ, वारंवार आणि घाईने लागणं, ओटीपोटात दुखणं, ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणं अशी लक्षणं असतील तर कल्चरला अर्थ आहे. लघवी गढूळ दिसते किंवा तिला वास येतो, एवढ्यावरून कल्चर करायला धावू नका. वयस्कर माणसांच्या, आणि लघवीची नळी घातलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत कधी ना कधी जंतू सापडतात. त्रास काहीच नसेल तर त्यांना औषधाची गरज नसते. याला ठळक अपवाद दोन: गरोदरपण, आणि मूत्रमार्गात रक्तस्राव होईल अशी शस्त्रक्रिया ठरलेली असणं.

रिपोर्ट हातात आला की त्यावर काही न करता थांबणं फार अवघड जातं, डॉक्टरलाही आणि घरच्यांनाही. नको असलेला रिपोर्ट मुळात तयारच न होऊ देणं सोपं.

जनावरात एका सडातून गुठळ्या येणं, दूध पाण्यासारखं होणं, कास गरम किंवा दगडासारखी लागणं ही कासदाहाची उघड लक्षणं. दूध दिसायला चांगलं असेल पण त्यात संसर्गाशी लढणाऱ्या पेशी वाढल्याचा संशय असेल, तर आधी सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, गोठ्यातच करता येणारी चाचणी) करून कोणता सड बिघडला आहे ते शोधा आणि त्याच सडाचा नमुना घ्या.

## टप्पा २: नमुना पहिल्या गोळीच्या आधी

सगळ्यात जास्त नमुने इथे बिघडतात. दोन दिवस गोळ्या घेऊन बरं वाटलं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी कल्चर. बरीचशी अँटिबायोटिक्स लघवीतून बाहेर पडतात आणि तिथे त्यांचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यामुळे एक-दोन डोसांनंतरही प्लेट कोरी राहू शकते आणि रिपोर्टवर 'वाढ नाही' येतं. याचा अर्थ जंतू गेले असा नाही. प्लेटवर उगवण्याइतपत ते शाबूत नव्हते, एवढाच. दुधाचंही तसंच. सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडल्यावर घेतलेल्या नमुन्यातून फारसं हाती लागत नाही.

म्हणून आधी नमुना, मग औषध. घरात उरलेली जुनी पट्टी असेल तर तिच्यातली एक गोळीसुद्धा नाही. औषध सुरू झालंच असेल तर लपवू नका. कोणतं, कधीपासून आणि शेवटचा डोस किती वाजता, ते फॉर्मवर लिहा.

सावधान: हा नियम तब्येत स्थिर असलेल्या पेशंटसाठी आहे. थंडी वाजून ताप, धाप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, तान्ह्या बाळाला ताप यांपैकी काही असेल तर घरी बाटली शोधत बसू नका, दवाखाना गाठा. तिथे रक्ताचं कल्चर काही मिनिटांत घेतात आणि नमुन्यासाठी औषध अडवून ठेवत नाहीत. खाणं सोडलेल्या, उठता न येणाऱ्या, कान गार पडलेल्या जनावराबाबतही हेच.

## टप्पा ३: बाटली

निर्जंतुक, सीलबंद, रुंद तोंडाची डबी लॅबमधून घ्या. घरची काचेची बाटली कितीही उकळली तरी चालत नाही. सील नमुना घेण्याच्या क्षणीच तोडा.

काही डब्यांच्या तळाशी पांढरी पूड असते. ती बोरिक ॲसिडची असते. जंतू मरू न देता त्यांची वाढ थोपवून धरते, म्हणजे नमुना पोचायला उशीर झाला तरी आकडा फुगत नाही. दर महिन्याला कुणी ना कुणी 'आत घाण होती' म्हणून ती झटकून, वर डबी पाण्याने विसळून आणतं. ती पूड फेकू नका. अशा डबीवर रेघ असते, तिथपर्यंत लघवी भरा. अर्धीच भरली तर बोरिक ॲसिडचं प्रमाण जास्त होतं आणि जंतूच दबतात.

नाव, तारीख, वेळ डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. झाकणं लॅबमध्ये एकाच वेळी दहा-बारा उघडी असतात.

सावधान: ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा किंवा पू कल्चरसाठी असेल तर तो फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही. बायोप्सीसाठी फॉर्मॅलिन लागतं, पण कल्चरसाठी ते जंतूंचं विष आहे. दोन्ही तपासण्या हव्या असतील तर ऑपरेशनच्या आधीच दोन वेगळ्या डब्या ठेवायला सांगा. नंतर आठवून उपयोग नाही, तुकडा पुन्हा मिळत नाही.

## टप्पा ४: लघवीचा नमुना

सकाळची पहिली लघवी सर्वांत चांगली. ते जमणार नसेल तर आधीच्या लघवीनंतर चार तास तरी गेलेले असावेत, म्हणजे जंतूंना मूत्राशयात वाढायला वेळ मिळतो. 'लघवी यावी' म्हणून तांब्याभर पाणी पिऊन येऊ नका. पातळ लघवीत जंतूंची संख्या खोटी कमी दिसते.

1. हात साबणाने धुवा आणि पुसा.
2. स्त्रियांनी योनीमार्गाच्या बाहेरचे ओठ दोन बोटांनी बाजूला करून तो भाग साध्या पाण्याने किंवा पाणी लावलेल्या निर्जंतुक गॉजने पुढून मागे पुसावा. मागून पुढे कधीच नाही. पुरुषांनी शिश्नाची कातडी मागे सारून टोक धुवावं.
3. अँटिसेप्टिक वापरू नका. त्याचा थेंब डबीत पडला तर जंतू मरतात.
4. स्त्रियांनी बाजूला केलेले ओठ नमुना मिळेपर्यंत तसेच धरून ठेवावेत. पुसून झाल्यावर हात काढला की सगळं पहिल्यासारखं झालं.
5. लघवी सुरू करा आणि पहिला भाग संडासात जाऊ द्या. मूत्रमार्गाच्या तोंडाशी बसलेले जंतू त्याबरोबर धुऊन जातात.
6. धार न थांबवता डबी मध्ये आणा. २० ते ३० मिलिलिटर पुरे, काठोकाठ भरायची गरज नाही.
7. डबी बाजूला घ्या आणि उरलेली लघवी संडासात करा. पुरुषांनी मागे घेतलेली कातडी पुन्हा पुढे आणावी. हे विसरलं तर ती सुजून अडकते.
8. झाकण बाहेरून धरून घट्ट लावा. आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका आणि झाकण बेसिनवर पालथं ठेवू नका.

पाचवी पायरी लोक नेमकी उलटी करतात. सुरुवातीची धार डबीत, डबी भरली की उरलेली बाहेर. तसा नमुना आला की रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स' (बाहेरच्या कातडीच्या पेशी) भरपूर दिसतात आणि तीन-चार जातींचे जंतू येतात.

तान्हं बाळ: चिकटवायच्या पिशवीतल्या लघवीत कातडीचे आणि शीचे जंतू सहज मिसळतात. त्या नमुन्यात काहीच वाढलं नाही तर ते उत्तर उपयोगी आहे. वाढलं तर त्यावर विसंबून उपचार करायचे नसतात. स्वच्छ भांड्यात मध्यधार पकडून किंवा दवाखान्यात बारीक नळीने नमुना घेऊन खात्री करतात.

नळी घातलेला पेशंट: खाली लोंबणाऱ्या पिशवीतून नमुना घेऊ नका. हे मी माझ्या वडिलांच्या आजारपणात पाहिलं आहे. नर्सने पिशवीचा नळ उघडून डबी भरली, रिपोर्टमध्ये तीन जंतू आले आणि संध्याकाळी दोन इंजेक्शनं सुरू झाली. दोन दिवसांनी नळी बदलून, नव्या नळीच्या सॅम्पलिंग पोर्टमधून (नमुना घेण्यासाठी ठेवलेल्या जागेतून) सुईने नमुना घेतला तेव्हा एकच जंतू होता, तोही पहिल्या तिघांपैकी नव्हता. पिशवीत लघवी तासन्‌तास खोलीच्या तापमानाला साठलेली असते आणि जुन्या नळीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो. पहिल्या रिपोर्टने त्या थराचं वर्णन केलं होतं, वडिलांच्या मूत्राशयाचं नाही. नळी बरेच दिवसांची असेल तर आधी बदला, मग नमुना घ्या.

कुत्र्या-मांजरांचा नमुना जमिनीवरून सिरिंजने ओढून आणू नका. पशुवैद्य पोटातून थेट मूत्राशयात बारीक सुई घालून घेतात तो नमुना सर्वांत भरवशाचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण जनावर बहुतेक वेळा शांतपणे करू देतं.

## टप्पा ५: दुधाचा नमुना

हे काम धारेच्या आधी करा. लागेल ते सगळं आधी हाताशी ठेवा: झाकणाच्या निर्जंतुक नळ्या, ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेले कापसाचे बोळे, कोरडे रुमाल, हातमोजे, सड बुडवायचं जंतुनाशक, बर्फाची पेटी. जनावराचा क्रमांक, सड (पुढचा डावा, मागचा उजवा असं) आणि तारीख नळीवर आधीच लिहा. ओल्या नळीवर मार्कर उमटत नाही आणि चौथ्या नळीपर्यंत कोणती कुठली हे आठवतही नाही.

1. कासेला चिकटलेली माती, शेण कोरडंच झटका. पाण्याने धुवायचं टाळा, कारण वरून ओघळणारं घाण पाणी नेमकं सडाच्या टोकाशी येऊन थांबतं. धुवावंच लागलं तर फक्त सड धुवा आणि पूर्ण कोरडे करा.
2. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढा, जमिनीवर नाही. गुठळ्या याच धारांत दिसतात.
3. सड जंतुनाशकात बुडवा, निदान ३० सेकंद तसेच ठेवा, मग प्रत्येक जनावराला स्वतंत्र कोरड्या रुमालाने पुसा.
4. आता अल्कोहोलचा बोळा. सडाच्या टोकावर, छिद्राभोवती, बोळा स्वच्छ निघेपर्यंत घासा. सुरुवात तुमच्यापासून लांबच्या सडांपासून करा, जवळचे नंतर. दर सडाला नवा बोळा.
5. अल्कोहोल वाळू द्या. ओल्या सडावरून थेंब नळीत गेला तर नमुनाच निर्जंतुक होतो.
6. नमुना घेताना क्रम उलटा: आधी जवळचे सड, मग लांबचे. तसं केलं की पुसलेल्या सडांवरून हात किंवा बाही घासत नाही.
7. झाकण करंगळीत, तोंड खाली करून धरा. नळी जवळजवळ आडवी, तिरकी ठेवा. उभी धरली तर कासेवरचे केस आणि धूळ थेट आत पडतात. सड नळीच्या काठाला टेकू देऊ नका.
8. ३ ते ५ मिलिलिटर घेऊन लगेच झाकण लावा, नळी बर्फात ठेवा आणि सड पुन्हा जंतुनाशकात बुडवा.

चारही सडांचं दूध एका नळीत घेण्याची सवय मोडा. बिघडलेला सड बहुधा एकच असतो. त्याचे जंतू उरलेल्या तिघांच्या दुधात पातळ होतात आणि दूषित होण्याची शक्यता मात्र चौपट.

तपासून पाहा: नळीत काळे कण किंवा केस दिसतात का? दिसले तर ती टाका आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. पाच मिनिटं जातील, पण दोन दिवसांनी 'नमुना दूषित, पुन्हा पाठवा' हे वाचण्यापेक्षा बरं.

## टप्पा ६: बाकीचे नमुने थोडक्यात

बेडका म्हणजे तोंडातली थुंकी नव्हे. साध्या पाण्याने चूळ भरा, दीर्घ श्वास घ्या आणि छातीतून खोकून आलेला घट्ट बेडका डबीत टाका. पातळ, फेसाळ लाळ आली तर आम्ही मायक्रोस्कोपखाली पाहून ती कल्चरला लावतच नाही.

जखमेचा स्वॅब घेताना वरचा पू गोळा करू नका. वर साचलेला पू म्हणजे जुनी अडगळ. सलाइनने जखम धुऊन तळाच्या जिवंत भागावर स्वॅब दाबून फिरवतात. सिरिंजने ओढलेला पू किंवा ऊतीचा तुकडा त्याहून चांगला. जखम लाल, गरम, सुजलेली नसेल तर स्वॅबच घेऊ नका. प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतातच.

रक्ताचं कल्चर दवाखान्याचं काम आहे. तुम्ही एवढंच पाहा की रक्त दोन वेगवेगळ्या जागांहून घेतलं जातंय. एकाच बाटलीत कातडीवरचा जंतू निघाला तर तो खरा की उपरा ते सांगता येत नाही.

## टप्पा ७: घड्याळ आणि बर्फ

अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा आतड्यातला जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो. तासाला आठपट, तीन तासांना पाचशेपट. लघवीत तो इतका वेगाने वाढेलच असं नाही, पण उन्हातल्या गाडीत राहिलेल्या डबीतले मूठभर उपरे जंतू दुपारपर्यंत 'लक्षणीय संख्या' गाठतात, हे मात्र नेहमीचं.

साध्या डबीतली लघवी दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास ठेवा, २४ तासांपर्यंत चालते. फ्रीझरमध्ये ठेवू नका. दूध लगेच थंड करून २४ तासांत पोचवा. त्याहून उशीर होणार असेल तर ते गोठवता येतं, पण गोठवल्यावर ई. कोलायसारखे काही जंतू मरतात, हे लॅबला सांगा.

सावधान: रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या आणि पाठीच्या कण्यातलं पाणी फ्रिजमध्ये ठेवू नये. मेंदूज्वराचे काही जंतू थंडीने मरतात.

## टप्पा ८: फॉर्म भरणं

फॉर्मवर 'लघवी, कल्चर' एवढंच लिहून येतं तेव्हा आम्ही अंधारात असतो. लक्षणं, मध्यधार की नळी, वेळ, चालू किंवा नुकतंच बंद केलेलं अँटिबायोटिक, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण आणि मूत्रपिंडाचा आजार लिहा. यांतल्या प्रत्येक गोष्टीमुळे आम्ही प्लेट कशी वाचतो ते बदलतं. गरोदर बाईच्या रिपोर्टमध्ये काही औषधं वगळली जातात. दुधाबरोबर जनावराची जात, व्यायल्यापासूनचे दिवस, आधी सोडलेली ट्यूब आणि कळपात आणखी कुणाला झालंय का ते कळवा.

## टप्पा ९: रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचायचा

जंतू उगवायला १८ ते २४ तास लागतात, ओळख आणि औषधांची चाचणी यांना साधारण आणखी एक दिवस. दुसऱ्या दिवशी फोन करून 'कोणतं औषध ते तरी सांगा' म्हणणाऱ्यांना माझ्याकडे खरंच उत्तर नसतं.

रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर खालच्या तक्त्याकडे जाते. तिकडे सर्वांत शेवटी या.

आधी पेशी. पस सेल्स (पूच्या, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पेशी) आहेत का? जंतू भरपूर पण पस सेल्स नाहीत, तर संसर्गाऐवजी नुसता वावर किंवा दूषित नमुना असण्याची शक्यता वाढते. एपिथेलियल सेल्स खूप असतील तर नमुना कातडीला घासून आला आहे.

मग संख्या. लघवीच्या मध्यधारेत मिलिलिटरमागे १,००,००० सीएफयू (वसाहत उगवू शकणारे जंतू) ही जुनी, परिचित मर्यादा. लक्षणं स्पष्ट असतील तर त्याहून कमी संख्याही खरी असू शकते, म्हणून आकडा एकटा वाचू नका. तीन किंवा जास्त जाती वाढल्या असतील तर, लघवी असो वा दूध, नमुना पुन्हा द्या.

मग नाव. काही जंतू काही औषधांना जन्मतःच दाद देत नाहीत. क्लेब्सिएलावर ॲम्पिसिलिन चालत नाही, प्रोटियसवर नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही. त्यांच्यापुढे 'आर' (रेझिस्टंट, दाद न देणारा) दिसला तर घाबरू नका, तो काही नवा रेझिस्टन्स नव्हे. दुधात 'वाढ नाही' आलं तर मुख्यतः दोन शक्यता असतात. ई. कोलायला शरीराने आधीच संपवलेलं असतं, फक्त सूज उरलेली असते. किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो, जो रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाही. दुसऱ्याचा संशय असेल तर पुन्हा नमुना घ्यावा लागतो.

आणि शेवटी एस, आय, आर. 'एस' म्हणजे नेहमीच्या डोसाला जंतू दबेल अशी अपेक्षा. 'आर' म्हणजे दबणार नाही. 'आय' ला लोक 'अर्धवट चालतं' असं समजतात. युरोपच्या युकास्ट या मानकाने २०१९ पासून 'आय' चा अर्थ 'औषध जास्त प्रमाणात पोचलं तर चालेल' असा स्पष्ट केला आहे. म्हणजे डोस वाढवून किंवा वेगळ्या पद्धतीने देऊन. ते डॉक्टरने ठरवायचं, घरी गोळ्या वाढवून नाही.

आता एमआयसीचा आकडा. जंतूची दिसणारी वाढ थांबवायला लागणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण म्हणजे एमआयसी, मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. इथे शिकलेली माणसंही फसतात. सर्वांत लहान आकडा म्हणजे सर्वांत चांगलं औषध असं धरून चालतात. समजा, लघवीतल्या ई. कोलायच्या रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे १ आणि नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १६ आहे. अमेरिकेच्या सीएलएसआय मानकानुसार सिप्रोफ्लॉक्सॅसिनला ०.२५ किंवा कमी असेल तर 'एस', १ किंवा जास्त असेल तर 'आर'. नायट्रोफ्युरँटॉइनला मात्र ३२ पर्यंत 'एस'. म्हणजे १ आकड्याचं औषध निकामी आणि १६ चं चालणारं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते. आकडे एकमेकांशी ताडू नका, पुढचं अक्षर वाचा.

आणि त्याच नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस' असला तरी मूत्रपिंडाच्या संसर्गात ते देत नाहीत, कारण ते लघवीत पुरेसं उतरतं, पण ऊतींत आणि रक्तात नाही. प्लेटवर औषध जंतूच्या शेजारी आयतं नेऊन ठेवलेलं असतं. शरीरात ते तिथपर्यंत पोचावं लागतं.

तक्त्यात हवं ते जबर औषध दिसत नाही अशी तक्रार असते. ते बहुधा मुद्दाम लिहिलेलं नसतं. साधं औषध चालत असेल तर राखीव औषध दाखवायचं नाही, अशी अनेक लॅबची पद्धत आहे. माझ्या मते ती योग्यच आहे. यादीत जे दिसतं तेच लिहून दिलं जातं.

दोन गोष्टी लॅबला बेलाशक विचारा. कोलिस्टिन या राखीव अँटिबायोटिकची चाचणी प्लेटवर औषधाची कागदी चकती ठेवून केली आहे का? केली असेल तर त्या निकालावर भरवसा ठेवू नका. ते औषध आगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) नीट पसरत नाही, म्हणून त्याची चाचणी शक्यतो द्रव माध्यमात करतात. कोलिस्टिनला दाद न देण्याचा एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारणारा एमसीआर-१ हा जनुक चीनमधल्या डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, त्यामुळे या चाचणीतली चूक कुणालाच परवडणारी नाही. दुसरं, स्टॅफिलोकॉकसवर क्लिंडामायसिन 'एस' असून एरिथ्रोमायसिन 'आर' असेल, तर 'डी-टेस्ट' केली का? दोन्ही चकत्या शेजारी ठेवल्यावर क्लिंडामायसिनभोवतीचं गोल मोकळं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं होऊन इंग्रजी 'डी' सारखं दिसलं, तर तो 'एस' फसवा असतो. जंतू औषध सुरू झाल्यावर बदलू शकतो.

जनावराच्या रिपोर्टला माणसाची मोजपट्टी लावलेली नाही ना, हेही पाहा. कासेतल्या दुधात औषध किती पोचतं यावर तिथल्या मर्यादा ठरतात. काही औषधांना तशी मर्यादा ठरलेलीच नाही, अशा वेळी पशुवैद्याचा अनुभव तक्त्यापेक्षा मोलाचा.

## टप्पा १०: रिपोर्टनंतर

चालू औषधापुढे 'आर' आला आणि पेशंट मात्र बरा होत असेल, तर स्वतः औषध बदलू नका, डॉक्टरला फोन करा. चालू औषध जबर असेल आणि साधं औषध 'एस' असेल तर 'साध्यावर येता येईल का' असं आपणहून विचारा. हा प्रश्न ऐकून डॉक्टर रागावत नाहीत, उलट बरेचदा तेच सुचवायच्या बेतात असतात. किती दिवस घ्यायचं ते त्यांच्याकडून आकड्यात लिहून घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडणं आणि भीतीपोटी आणखी चार दिवस ओढणं, दोन्ही नको. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला किंवा जनावराला देऊ नका.

लघवीचा त्रास थांबला असेल तर 'जंतू गेले का' पाहायला पुन्हा कल्चर करू नका. गरोदरपणात मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा करा.

सौम्य कासदाहात, जनावर खातंपितं असेल तर, एक दिवस कल्चरची वाट पाहून मगच ट्यूब सोडायची का ते ठरवणारे अनेक पशुवैद्य आहेत. तुमच्या पशुवैद्याशी ते आधीच बोलून ठेवा, रात्री अकराला गोठ्यात उभं राहून नाही. औषध सोडलं की दूध किती दिवस बाजूला काढायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. डोस किंवा दिवस वाढवले तर ती मुदत लागू राहत नाही, पुन्हा विचारा. आणि ते बाजूला काढलेलं दूध वासराला पाजू नका. त्यातल्या थोड्याथोडक्या औषधाने वासराच्या आतड्यात नेमके रेझिस्टंट जंतू टिकून राहतात आणि शेणावाटे गोठाभर होतात. सड बरा झाला का हे कल्चरने पाहायचं असेल तर शेवटच्या ट्यूबनंतर निदान १४ दिवस थांबा. त्याआधी औषधाचा अंश वाढ दाबून ठेवतो.

रिपोर्ट जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा त्रास झाला तर नवा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरकडे जुना हाच आधार असतो. फोनवर फोटो काढणार असाल तर सगळ्या पानांचा काढा. तक्ता पहिल्या पानावर असतो, पण 'नमुना दूषित असण्याची शक्यता, पुन्हा पाठवावा' ही ओळ आम्ही बहुतेक वेळा शेवटच्या पानाच्या तळाशी लिहितो, आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते.